पैनगंगेचे दोन काठ : उच्च शिक्षणातील आरक्षणाचा आढावा

मृग लागला की रिसोडच्या बाजारात दोन प्रकारची गर्दी एकाच वेळी दिसू लागते. कृषी केंद्रांपुढे सोयाबीनचे बियाणे आणि खत उचलणाऱ्या शेतकऱ्यांची एक, आणि सेतू केंद्रांपुढे बारावीचा निकाल हाती आलेल्या मुलामुलींची व त्यांच्या वडीलधाऱ्यांची दुसरी. पुष्कळदा माणूस एकच असतो, सकाळी पहिल्या रांगेत आणि दुपारी दुसऱ्या. त्याच्या काखेतल्या पिशवीत मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला, स्वतःचा दाखला, आजोबांच्या नावाची कोतवाल बुकाची नक्कल, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेयरचा अर्ज असा सारा ऐवज असतो, आणि पुढे जात पडताळणी समितीकडून ‘व्हॅलिडिटी’ मिळेतो त्याचा जीव टांगणीला लागलेला असतो. उच्च शिक्षणातील जातिनिहाय आरक्षणाचा वाद गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षे न्यायालयांत, विधिमंडळांत आणि रस्त्यांवर चालू आहे. त्यात समता, गुणवत्ता, सामाजिक न्याय असे मोठे शब्द वापरले गेले आणि ते यथार्थही आहेत. परंतु त्या शब्दांपासून या पिशवीपर्यंतचे अंतर कसे पडत गेले, हे पाहिल्याखेरीज या प्रश्नाचा आढावा पुरा होणार नाही अशी प्रस्तुत लेखकाची समजूत आहे, आणि ते पाहण्यास रिसोडसारखी जागा दुसरी क्वचितच सापडेल.

याचे कारण भूगोलात आहे. रिसोड हा वाशीम जिल्ह्याचा सीमेवरचा तालुका. एका बाजूस बुलढाण्याचे मेहकर-लोणार, दुसऱ्या बाजूस हिंगोलीचे सेनगाव. वऱ्हाड आणि मराठवाडा यांची शीव पुष्कळ अंतरापर्यंत पैनगंगेने आखलेली आहे, आणि ही शीव केवळ दोन विभागांची नसून दोन राजवटींच्या दप्तरांची आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, १९०२ साली तो मुलूख सालीना पंचवीस लाख रुपयांच्या कायम पट्ट्याने त्यांच्याकडे गेला, आणि पुढे मध्यप्रांतास जोडला गेला. नदीपलीकडचा मुलूख मात्र १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्याच अंमलाखाली राहिला. नदीच्या अलीकडे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी पाहणी झाली, गावोगाव जन्ममृत्यूची नोंद ठेवण्याचा शिरस्ता पडला, आणि त्या नोंदीत जातीचा रकाना भरताना नांगर धरणाऱ्या माणसापुढे कारकुनाने बहुधा ‘कुणबी’ असे लिहिले. पलीकडे दिवाणी व जहागिरी मुलखाची कागदपत्रे निराळ्या पद्धतीची, कित्येक उर्दूत, कित्येक मोडीत, आणि ती जपली गेली तीही निराळ्या रीतीने. नद्या सोयरीक अडवीत नाहीत. सेनगावकडची लेक रिसोडकडे दिली जाते, रिसोडची तिकडे जाते. बोली एक, शेती एक, देव एक, आणि दारिद्र्य असल्यास तेही एकच. परंतु सेनगावकडच्या त्या लेकीचा मुलगा आपल्या वडिलांकडून कुणबी ठरतो आणि इतर मागासवर्गात बसतो, तर तिच्या सख्ख्या भावाचा मुलगा मराठा म्हणून त्या वर्गाच्या बाहेर राहतो. या आते-मामेभावांची गोष्ट पुढे पुन्हा येईल. तूर्त एवढेच ध्यानात ठेवावे, की राज्यकर्त्यांच्या दृष्टीने जात म्हणजे पुष्कळ वेळा जातीची नोंद होय.

आरक्षणाच्या कल्पनेचा उगम मात्र नोंदीत नव्हता, तो अनुभवात होता. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुले यांनी जे गाऱ्हाणे मांडले त्याचे सार असे, की शेतकऱ्यांच्या श्रमातून गोळा होणारा सारा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि ज्यांच्या घामाने तो पैसा उभा राहतो त्यांच्या मुलांना साधी प्राथमिक शाळाही मिळत नाही. वीस वर्षांनी, २६ जुलै १९०२ रोजी, शाहू छत्रपतींनी करवीर संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखण्याचा हुकूम काढला. हा हुकूम नोकऱ्यांपुरता होता, आणि त्याचा उल्लेख प्रत्येक व्याख्यानात होतो. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९०१ साली, महाराजांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग स्थापन करविले होते आणि नंतर एकामागून एक अनेक जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली, याचा उल्लेख त्या मानाने कमी होतो. आधी वसतिगृह आणि मग हुकूम, हा क्रम योगायोगाचा नव्हता. ज्या मुलास राहण्याला जागा आणि जेवणाला ताट नाही त्याच्यासाठी राखलेली खुर्ची रिकामीच राहणार, हे त्या द्रष्ट्या राजाला नेमके ठाऊक होते.

आमच्या वऱ्हाडात हाच क्रम डॉ. पंजाबराव देशमुखांनी पाळला. अमरावती जिल्ह्यातील पापळ येथील शेतकऱ्याचा हा मुलगा विलायतेत जाऊन वैदिक वाङ्मयातील धर्मकल्पनांवर प्रबंध लिहून आला, आणि परतल्यावर त्याने अमरावतीस श्रद्धानंद छात्रालयासारखे सर्व जातींचे वसतिगृह चालविले, १९३२ च्या सुमारास श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली आणि मध्यप्रांत-वऱ्हाडाचे शिक्षणखातेही सांभाळले. स्वातंत्र्यानंतर मागासवर्गीयांच्या अखिल भारतीय संघटनेचे नेतृत्व करताना त्यांनी वऱ्हाडातील शेतकरी मराठ्यांना आपली नोंद कुणबी अशी ठेवण्याचे आग्रहाने सांगितले, ही गोष्ट या भागात सर्वश्रुत आहे. त्या सल्ल्याचे मोल तेव्हा फार थोड्यांना कळले. आज पैनगंगेच्या अलीकडे ज्या घरांतून अभियंते आणि डॉक्टर निघाले त्यांपैकी कित्येक घरांना ते पुरते कळलेले आहे.

अस्पृश्य गणलेल्या समाजांची कथा याहून निराळी आणि अधिक कठोर आहे, आणि या दोन कथा एका सुरात सांगण्याची जी चाल पडली आहे ती मला अन्यायाची वाटते. कुणब्याच्या मुलाला शाळेत बसू दिले जात होते, परवडत नव्हते. महाराच्या किंवा मांगाच्या मुलाला बसूच दिले जात नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, ही एका असामान्य पुरुषाची हकीकत झाली. सामान्य मुलाची तजवीज व्हावी म्हणून त्यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना खटपट केली आणि १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली, १९४६ साली मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय, आणि १९५० साली औरंगाबादेस निजामी अंमल नुकताच संपलेल्या मुलखातले ते महाविद्यालय, जे पुढे मिलिंद म्हणून ख्यात झाले. पुन्हा तोच क्रम : आधी संस्था, छात्रालय, शिष्यवृत्ती, मग राखीव जागा.

संविधान अमलात आले तेव्हा महाविद्यालयीन प्रवेशांसाठी आरक्षणाची स्पष्ट तरतूद त्यात नव्हती, हे आज पुष्कळांना आश्चर्याचे वाटते. मद्रास इलाख्यात १९२७ पासून जातवार वाटणीचा हुकूम चालत आला होता. अखेरच्या रूपात दर चौदा जागांपैकी सहा ब्राह्मणेतर हिंदूंना, दोन मागास हिंदूंना, दोन ब्राह्मणांना, दोन हरिजनांना, एक ख्रिस्ती व अँग्लो-इंडियन यांना आणि एक मुसलमानांना. चंपकम दोराईराजन खटल्यात १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला, आणि त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १५ मध्ये चौथे कलम घालण्यात आले, ज्याच्या आधारावर पुढचे बहुतेक शैक्षणिक आरक्षण उभे राहिले. प्रजासत्ताकाच्या दुसऱ्याच वर्षी संसदेला या प्रश्नासाठी आपली सनद दुरुस्त करावी लागली, यावरून तो किती मुळाशी होता हे दिसते.

अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत कोण मागास हे ठरविणे त्या मानाने सोपे होते. इतरांच्या बाबतीत ते आजतागायत अवघड राहिले आहे. १९५३ साली नेमलेल्या पहिल्या मागासवर्ग आयोगाचे अध्यक्ष साताऱ्यास जन्मलेले आणि गुजराती वाङ्मयात कीर्ती पावलेले काकासाहेब कालेलकर. त्यांच्या आयोगाने १९५५ साली २३९९ जातींची यादी दिली, तांत्रिक व व्यावसायिक शिक्षणसंस्थांत पात्र मागास विद्यार्थ्यांसाठी ७० टक्के जागा राखण्याची शिफारस केली, आणि अहवाल सादर करताना खुद्द काकासाहेबांनीच जातीच्या कसोटीविषयी आपली असहमती राष्ट्रपतींना कळवली. अध्यक्षानेच हात आखडता घेतल्यावर सरकारने अहवाल बासनात बांधून ठेवला. पुढे मंडल आयोग नेमला जाऊन त्याने १९८० च्या अखेरीस ३७४३ जातींची यादी व २७ टक्क्यांची शिफारस दिली, आणि ती ऑगस्ट १९९० मध्ये केंद्रीय नोकऱ्यांपुरती अमलात येऊ लागताच उत्तर हिंदुस्थान पेटला. महाराष्ट्र त्या मानाने शांत राहिला. कारण येथे राज्याने नेमलेल्या देशमुख समितीच्या शिफारशीनंतर १९६४ पासूनच अनुसूचित जातींस १३, अनुसूचित जमातींस ७, विमुक्त व भटक्यांस ४ आणि इतर मागासवर्गास १० असे ३४ टक्क्यांचे आरक्षण रुळलेले होते.

मंडलच्या काळात जो शब्द सर्वांत मोठ्याने उच्चारला गेला तो गुणवत्ता. या शब्दाची हेटाळणी करणे मला मान्य नाही. शस्त्रक्रिया करणारा हात आणि पूल बांधणारे गणित यांत चूक चालत नाही, आणि राखीव जागेवरून आलेल्या विद्यार्थ्यालाही अखेर त्याच परीक्षेस उतरून पदवी घ्यावी लागते. परंतु महाराष्ट्राच्या इतिहासातील एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या कारकिर्दीत विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्या धोरणाने जागा वाढल्या, खेड्यापाड्यांतील पुष्कळ मुले अभियंते झाली, हे खरेच. पण देणगी मोजून कमी गुणांवर प्रवेश मिळण्याचा धंदाही इतका बोकाळला की चारच वर्षांत, १९८७ साली, कॅपिटेशन फी रोखण्यासाठी कायदा करावा लागला. पैशाने घेतलेल्या जागेने गुणवत्ता बुडते म्हणून कोणी रस्त्यावर उतरल्याचे माझ्या ऐकिवात नाही. सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशांविषयीच्या जानेवारी २०२२ च्या निकालात स्पर्धापरीक्षेतील गुण म्हणजेच गुणवत्ता असे समीकरण मांडता येत नाही, त्या गुणांमागे कुटुंब, शाळा, भाषा, शिकवणी यांचे संचित भांडवल असते, असे विस्ताराने सांगितले. आमच्या तालुक्यातील कोणत्याही पालकाला हे सांगण्यासाठी न्यायाधीशाची गरज नाही. ज्याला शक्य आहे तो मुलाला अकरावीतच लातूरला किंवा अकोल्याला नीटच्या शिकवणीस ठेवतो, आणि ज्याला शक्य नाही त्याचा मुलगा सोयाबीन सोंगून झाल्यावर त्याच परीक्षेला बसतो.

खाजगी संस्थांचा प्रश्नही महाराष्ट्राच्याच दारातून सर्वोच्च न्यायालयात गेला. पुण्याच्या पी. ए. इनामदारांच्या खटल्यात ऑगस्ट २००५ मध्ये असा निर्णय झाला की विनाअनुदान संस्थांवर सरकार आरक्षण लादू शकत नाही. त्याला उत्तर म्हणून ९३ वी घटनादुरुस्ती झाली, महाराष्ट्राने २००६ साली खाजगी व्यावसायिक संस्थांसाठी आपला कायदा केला, आणि केंद्राने आपल्या संस्थांत इतर मागासवर्गास २७ टक्के जागा देणारा कायदा केला, जो एप्रिल २००८ मध्ये अशोककुमार ठाकूर खटल्यात क्रिमीलेयर वगळण्याच्या अटीवर टिकला. परंतु घटनेने मोकळीक देऊनही केंद्राने खाजगी संस्थांसाठी असा कायदा आजवर केलेला नाही. सरकारी महाविद्यालयातील चार-दोन टक्क्यांसाठी शेजारी शेजाऱ्याचा वैरी होतो, आणि महागड्या खाजगी विद्यापीठांचे मोठे क्षेत्र या वादाच्या कक्षेबाहेर शांतपणे विस्तारत जाते, ही मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत दुःखदायक गोष्ट वाटते.

टक्क्यांची मर्यादा ही या वादातली दुसरी मोठी रणभूमी. म्हैसूरने वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांत ६८ टक्के जागा राखल्या तेव्हा बालाजी खटल्यात १९६२ साली न्यायालयाने आरक्षण सर्वसाधारणपणे पन्नास टक्क्यांच्या आत असावे असे म्हटले, आणि १६ नोव्हेंबर १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने ती रेषा पक्की केली. तामिळनाडू आपल्या ६९ टक्क्यांसह नवव्या परिशिष्टाच्या आडोशाला गेला. महाराष्ट्रात १९९४ नंतर इतर मागासवर्ग १९, विमुक्त-भटक्यांचे अ, ब, क, ड असे चार गट मिळून ११, आणि विशेष मागास प्रवर्ग २, अशी भर पडून बेरीज ५२ झाली. या शेवटच्या दोन टक्क्यांमागे विदर्भाची एक मोठी वेदना आहे. गोवारी समाज स्वतःला अनुसूचित जमातीत मोजावे म्हणून वर्षानुवर्षे मागत होता. यादीत शब्द आहे ‘गोंड गोवारी’, आणि सरकारचे म्हणणे असे की गोवारी निराळे, गोंड गोवारी निराळे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधानभवनावर निघालेल्या त्यांच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे मेली, त्यांत बायका आणि लेकरे पुष्कळ. त्यानंतर विशेष मागास प्रवर्गात त्यांना जागा मिळाली. उच्च न्यायालयाने २०१८ साली त्यांच्या बाजूने निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये तो फिरविला आणि मधल्या काळात झालेले प्रवेश व नेमणुका तेवढ्या वाचविल्या. दोन शब्दांच्या मध्ये स्वल्पविराम आहे की नाही या प्रश्नावर एका समाजाच्या दोन पिढ्या खर्ची पडल्या.

आणि हे एकट्या गोवाऱ्यांचे नव्हे. नागपूरकडील कोष्ट्यांनी आपण हलबा आहोत असे म्हटले, त्या दाव्यावर वैद्यकीय प्रवेश घेतलेल्या एका विद्यार्थ्याचे प्रकरण घटनापीठापुढे गेले, आणि नोव्हेंबर २००० मध्ये न्यायालयाने राष्ट्रपतींच्या आदेशातील शब्द ताणून वाढविता येत नाही असा निर्वाळा दिला. मात्र त्या डॉक्टराच्या शिक्षणावर जनतेचा पैसा खर्च झालेला आहे म्हणून पदवी राहू दिली. धनगरांचा ‘धनगड’ या शब्दाशी चाललेला झगडा सर्वांना माहीत आहे; उच्च न्यायालयाने तो दावा फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळला. खऱ्या आदिवासींच्या बाजूने पाहिले तर त्यांची भीतीही खोटी नाही. सात टक्क्यांच्या जागांत खोट्या दाखल्यांनी शिरकाव होतो ही त्यांची तक्रार इतकी जुनी आणि इतकी साधार होती की १९९४ च्या माधुरी पाटील खटल्यात, जो वैद्यकीय प्रवेशासाठी महादेव कोळी असल्याच्या दाव्यातूनच उद्भवला होता, सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समित्यांची सारी रचना सांगितली, आणि महाराष्ट्राने २००० सालच्या अधिनियमाने ती कायम केली. तेव्हा आज रिसोडचा शेतकरी ज्या व्हॅलिडिटीच्या नावाने कपाळाला हात लावतो ती दुर्बलाच्या रक्षणासाठी जन्मलेली आहे, हे विसरून चालणार नाही. अडचण अशी की अनुसूचित जातींना १९५० च्या ऑगस्टपूर्वीचा, जमातींना त्याच वर्षीच्या सप्टेंबरपूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि जो समाज जितका अधिक वंचित तितका त्याच्या आजोबांचा शाळेचा दाखला नसण्याचा संभव अधिक. तांड्यावर जन्मलेल्या, बैलांच्या पाठीवर धान्य वाहून नेणाऱ्या बंजाऱ्याची नोंद कोणत्या कोतवालाने ठेवावी?

बंजारा समाजाचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडे थांबले पाहिजे, कारण पोहरादेवी याच वाशीम जिल्ह्यात आहे आणि या समाजाचे ते काशीस्थान. तेलंगणात बंजारा, म्हणजे तेथले लंबाडा, अनुसूचित जमातीत आहेत; कर्नाटकात अनुसूचित जातीत; महाराष्ट्रात विमुक्त जाती अ या गटातील तीन टक्क्यांत; आणि महाराष्ट्राचाच बंजारा मुलगा केंद्रीय संस्थेत प्रवेशाला गेला तर तो इतर मागासवर्गीय. म्हणजे एकच मुलगा अमरावती विद्यापीठाच्या महाविद्यालयात एका वर्गाचा आणि आयआयटीत दुसऱ्या वर्गाचा. आदिवासींच्या बाबतीतही असेच घडलेले आहे : १९७६ च्या कायद्याने क्षेत्रबंधन उठेपर्यंत वऱ्हाडात मेळघाट आणि यवतमाळकडील काही तालुक्यांतच जमात म्हणून मान्यता होती, त्यामुळे रिसोड-मालेगावकडच्या आंध जमातीच्या माणसाला आपल्याच गावी राहून आदिवासी असल्याचा हक्क सांगता येत नव्हता.

आता मराठा आरक्षणाकडे वळू. या मागणीचा न्यायालयीन प्रवास आकड्यांत सांगता येतो : २०१४ चा सोळा टक्क्यांचा अध्यादेश व त्याला मिळालेली स्थगिती; २०१६ च्या मूक मोर्चांनंतर आणि गायकवाड आयोगाच्या अहवालानंतर नोव्हेंबर २०१८ चा कायदा; जून २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने तो शिक्षणात १२ व नोकऱ्यांत १३ टक्क्यांवर आणून मान्य करणे; ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करणे; आणि शुक्रे आयोगानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा दहा टक्के. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचे दहा धरून राज्यातील बेरीज आता ७२ वर गेली आहे. पण या प्रवासात विद्यार्थ्यांचे जे झाले ते आकड्यांत मावत नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांची प्रक्रिया अर्ध्यावर असताना नागपूर खंडपीठाने त्या वर्षापुरते हे आरक्षण लागू होत नाही असे सांगितले, लगेच अध्यादेश निघाला, आणि दोन्ही बाजूंच्या तरुण डॉक्टरांनी निदर्शने केली. कायदा करणाऱ्यांनी तो टिकेल की नाही याचा विचार जितक्या सावधपणे करावयास हवा होता तितका केला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या मुलाने आशेने एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा दिली त्याचे ते वर्ष कोणत्याही निकालपत्राने परत मिळत नाही.

कायद्याच्या वाटेत असे अडथळे येत गेल्यावर मागणी नोंदीकडे वळली, हे स्वाभाविकच होते. ऑगस्ट-सप्टेंबर २०२३ मध्ये आंतरवाली सराटी येथे मनोज जरांगे पाटील उपोषणास बसले, न्यायमूर्ती शिंदे समिती कुणबी नोंदी शोधू लागली, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला, जानेवारी २०२४ मध्ये सगेसोयऱ्यांच्या व्याख्येचा मसुदा निघाला, आणि २ सप्टेंबर २०२५ च्या शासननिर्णयाने निजामकालीन हैदराबाद गॅझेटियर कुणबी असल्याच्या पुराव्याच्या यादीत आले. त्याच महिन्यात बंजारा समाजही त्याच गॅझेटियरचा हवाला देऊन अनुसूचित जमातीच्या मागणीसाठी मोर्चे काढू लागला, आणि इतर मागासवर्गातील छोट्या जाती आपल्या १९ टक्क्यांत कोणी शिरेल या भयाने एकवटल्या. त्यांचे भय समजण्यासारखे आहे. इतर मागासवर्गाच्या उपवर्गीकरणासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती रोहिणी आयोगाने २०१८ च्या सुमारास केंद्रीय नोकऱ्या व प्रवेशांची जी छाननी केली तीत असे आढळले की इतर मागासवर्गाचा सुमारे ९७ टक्के लाभ चतुर्थांश जातींनाच मिळाला, आणि ९८३ जातींच्या वाट्याला काहीच आले नाही. आमच्या बाजारपेठेतील एखाद्या बेलदाराच्या किंवा घिसाड्याच्या मुलापुढे या गणिताचा अर्थ मांडून पाहावा. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींतही उपवर्गीकरणास मोकळीक दिली. मातंग समाजाची ती जुनी मागणी न्याय्य आहे असे मला वाटते, मात्र ती पुरी करताना बौद्ध समाजाने शिक्षणासाठी केलेल्या अपार कष्टांना दोष देण्याची जी भाषा कानी पडते ती सर्वथा गैर होय.

मग माझे म्हणणे काय? आरक्षणाचे तत्त्व मला निःसंशय मान्य आहे, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत तर ते कमी करण्याची वेळ दृष्टिपथातही नाही. माझी तक्रार अशी, की वंचितता मोजण्याचे काम आपण एका मेलेल्या कारकुनाच्या बोरूवर सोपवून दिले आहे. पैनगंगेच्या अलीकडे त्याने कुणबी लिहिले म्हणून एक कुटुंब मागास, पलीकडे त्याने मराठा लिहिले किंवा काहीच लिहिले नाही म्हणून दुसरे पुढारलेले. यात त्या कुटुंबांच्या जमिनीचा, विहिरीच्या पाण्याचा, आईच्या शिक्षणाचा, गावापासून महाविद्यालयाच्या अंतराचा प्रश्न कोठेच येत नाही. उत्पन्नाची जी आठ लाखांची अट आहे ती इतर मागासवर्गासही तीच आणि दुर्बल घटकांसही तीच, मग तिने काय मोजले जाते? ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्राने आगामी जनगणनेत जातींची मोजणी करण्याचे ठरविले आहे. ती प्रामाणिकपणे झाली आणि जातीच्या शेजारी शिक्षण, जमीन, धंदा यांचे रकाने नीट भरले गेले, तर १९३१ नंतर प्रथमच आपल्याला जिवंत माणसांच्या स्थितीवरून यादी तपासता येईल.

आणि वसतिगृह. शाहू महाराज, पंजाबराव आणि बाबासाहेब यांनी जेथून आरंभ केला तेथे आपण शेवटी येतो. २०१६-१७ पासूनची स्वाधार योजना, जीत वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला राहण्याजेवणासाठी रक्कम मिळते, आणि जुलै २०२४ चा मुलींना व्यावसायिक शिक्षणात शुल्कमाफी देणारा निर्णय, यांना मी टक्केवारीच्या कोणत्याही वादापेक्षा मोठे मानतो. परंतु रक्कम सत्र संपल्यावर हाती येत असेल तर घरमालक तोवर थांबत नाही. राखीव जागेवर गेलेली तालुक्याची मुलगी पहिल्या सत्रात इंग्रजीमुळे दबते, खोलीचे भाडे थकते, आणि दिवाळीला घरी आलेली ती परत जात नाही. त्या जागेचा हिशेब ‘भरली’ असाच राहतो.

नदीच्या त्या दोन काठांवर आता एक नवी गोष्ट घडली आहे. वैद्यकीय प्रवेशांत विदर्भ आणि मराठवाडा यांच्यामध्ये असलेली सत्तर-तीस टक्क्यांची विभागीय भिंत सप्टेंबर २०२० मध्ये काढून टाकण्यात आली, आणि २०२४ साली वाशीम, हिंगोली व बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांना शासकीय वैद्यकीय महाविद्यालये मिळाली. प्रारंभी ज्या आते-मामेभावांचा उल्लेख केला ते यंदा एकाच नीटला बसले असतील, त्यांच्या गुणांत कदाचित दोन-चारांचेच अंतर असेल, आणि दोघांनीही पसंतिक्रमात वाशीमही लिहिले असेल आणि हिंगोलीही. एकाच्या पिशवीत १९६७ पूर्वीच्या कोतवाल बुकाची नक्कल आहे. दुसऱ्याचे वडील सेनगावच्या तहसिलीत मोडी वाचणाऱ्या माणसाची वाट पाहत बसले आहेत, आणि प्रवेशाची पहिली यादी लागावयास आठवडा उरला आहे.